आरशाचा कॅमेरा की बिनआरशाचा?

तुळशीची लग्ने आटोपली, लग्नसराईची चाहूल लागली, की आपल्याकडे घरोघरी कॅमेऱ्याचा विषय निघतो. रोजच्या साध्या फोटोंना मोबाइल पुरतो हे खरे. पण घरातील कार्याचे, वडीलधाऱ्यांचे, जुन्या वास्तूंचे चित्र जरा मन लावून काढावे असे ज्यांस वाटते, त्यांच्यापुढे आज दोन वाटा आहेत. तरुण मंडळी म्हणतात, पिशवीत मावेल असा लहानसा बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस कॅमेरा घेऊ. अनुभवी मंडळी म्हणतात, हाताला भरेल असा मोठा डीएसएलआर घ्या, आणि काकांच्या वेळची हाताने फिरवायची भिंगे त्याला लावा. कपाटात पडूनच तर आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागात अशी भिंगे अनेक घरांतून निघतात. यांतील कोणते म्हणणे खरे, हे नुसत्या आवडीने ठरत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे ते थोडे पाहावे लागते.

डीएसएलआरमध्ये भिंगाच्या मागे पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्यावर आदळून वर जातो, पंचकोनी लोलकातून वळतो आणि आपल्या डोळ्यास दिसतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, झडप उघडते आणि प्रकाश मागच्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर पडतो. ऐकू येणारा तो परिचित ‘खटक्’ आवाज बराचसा या आरशाचा. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. प्रकाश सदैव सेन्सरवर पडत असतो, आणि तेथे उमटलेले चित्र एका चिमुकल्या पडद्यावर आपण डोळा लावून पाहतो. या जातीचा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने 2008 साली बाजारात आणला. निकॉन आणि कॅनन यांनी मोठ्या सेन्सरचे असे कॅमेरे आणले ते 2018 साली.

आरसा गेला म्हणजे जागा वाचली, आणि सारी गोम या वाचलेल्या जागेत आहे. आरसा हलावयास जागा हवी, म्हणून निकॉनने 1959 साली ठरविलेल्या बैठकीत भिंगाचे बूड आणि सेन्सर यांमध्ये 46.5 मिलिमीटर अंतर आहे. कॅननच्या 1987च्या बैठकीत ते 44 आहे. बिनआरशाच्या निकॉनमध्ये हेच अंतर 16, सोनीत 18 आणि कॅननमध्ये 20 मिलिमीटर. आता जुने भिंग ज्या अंतरासाठी घडविले, तेवढ्याच अंतरावर ते बसले पाहिजे. एरवी दूरचे डोंगर आणि देवळाचे शिखर कधीच स्पष्ट येणार नाही. मिररलेसमध्ये जागा मोकळी असल्यामुळे मधे एक पोकळ कडे घालून ते अंतर भरून काढता येते. डीएसएलआरमध्ये मात्र अंतर कमी करण्याचा उपाय नाही.

उदाहरणार्थ, रशियन झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारे 58 मिलिमीटरचे हेलिऑस भिंग घ्या. आटे फिरवून बसविण्याच्या या भिंगास साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर लागते. म्हणून ते कॅननच्या डीएसएलआरवर साध्या कड्याने चालते. पण निकॉनच्या डीएसएलआरवर मधे जादा काच घातल्याखेरीज दूरचे चित्र स्पष्ट देत नाही. कॅननचे स्वतःचे 1971 सालचे एफडी जातीचे भिंग तर कॅननच्याच डीएसएलआरवर नीट बसत नाही, कारण त्याला 42 मिलिमीटर हवेत! हीच तिन्ही जातींची भिंगे बिनआरशाच्या कोणत्याही कॅमेऱ्यावर योग्य त्या कड्यासह काम करतात. तेव्हा ‘जुनी भिंगे आहेत म्हणून मोठा डीएसएलआर घ्या’ हा सल्ला ऐकताना पहिला प्रश्न विचारावा : भिंगे कोणत्या बैठकीची?

निकॉनच्या भिंगांचे तेवढे वेगळे आहे. ती निकॉनच्या डीएसएलआरवर थेट बसतात. परंतु तेथेही एक मेख आहे. डी 3500सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांत जुने भिंग लावले की प्रकाशमापक बंद पडतो, आणि छिद्र व झडपेचा वेग अंदाजाने ठरवावा लागतो. डी 7200सारख्या वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत मापक चालतो. पण त्यांवर 1977 पूर्वीची, फेरफार न केलेली भिंगे जबरीने बसविल्यास कॅमेऱ्याची कड मोडण्याची भीती असते. दुकानदार हे सांगेलच असे नाही.

आता स्पष्टतेचा, म्हणजे फोकसचा प्रश्न. हाताने भिंग फिरवावयाचे तर चित्र नेमके कोठे स्पष्ट झाले ते डोळ्यास दिसले पाहिजे. फिल्मच्या काळातील चांगल्या कॅमेऱ्यांत काचेच्या मध्यभागी एक दुभंगलेले वर्तुळ असे. खांबाची तुटलेली रेघ जुळली की काम झाले. भिंगे आपोआप फिरू लागल्यावर ते वर्तुळ गेले. डीएसएलआरची आजची काच लख्ख दिसते, पण भिंगाचे छिद्र पुष्कळ उघडे असताना स्पष्टतेची सीमा किती अरुंद आहे ते ती प्रामाणिकपणे दाखवीत नाही. चित्र डोळ्याला ठीक वाटते. घरी मोठे करून पाहावे तो डोळ्यांऐवजी कान स्पष्ट आलेले असतात. मिररलेसच्या पडद्यावर तोच भाग पाच-दहा पट मोठा करून पाहता येतो, आणि स्पष्ट झालेल्या कडा लाल वा पिवळ्या रेघांनी उजळवून दाखविण्याचीही सोय असते. ज्यांची नजर वयोमानाने मंदावली आहे, त्यांना ही सोय वरदानासारखी वाटते. म्हणजे जुन्या भिंगाचा खरा सोबती आज हा नवा, लहान कॅमेराच होय. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटेल. पण आहे तसे.

डीएसएलआरच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. त्याचा आरसा वर करून मागच्या पडद्यावर चित्र पाहण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, आणि तेथेही चित्र मोठे करता येते. कॅमेरा तिपाईवर असेल आणि ऊन नसेल, तर दोहोंत फारसे अंतर उरत नाही. घरातील मोडी कागद, जुनी सनद, पोथीची पाने टिपावयाची असतील, तर खिडकीजवळ मेज ओढावे, कागदावर स्वच्छ काच ठेवावी, कॅमेरा बरोबर वरून खाली रोखावा, आणि हाताने फिरवायचे पन्नास मिलिमीटरचे भिंग लावावे. कागद हलत नाही, पळत नाही. येथे आपोआप फोकस होणाऱ्या भिंगाची गरजच काय? घरात डीएसएलआर असेल तर या कामासाठी दुसरा कॅमेरा घेणे म्हणजे उधळपट्टी होय.

बिदरीच्या वस्तूंचेही तसेच. जस्त-तांब्याच्या मिश्रणावर चांदीची नक्षी उठविलेली, किल्ल्यातील मातीने काळी केलेली सुरई किंवा पानदान टिपणे हे भल्याभल्यांची परीक्षा पाहते. काळा भाग पाहून प्रकाशमापक फसतो, चित्र अधिक उजळ करतो. काळे राखी होते आणि चांदी पांढरी फटक पडते. म्हणून प्रकाश मुद्दाम एक-दोन टप्पे कमी धरावा, झोत टाळावा, आणि बाजूने पांढऱ्या धोतराच्या पडद्याआडून येणारा उजेड घ्यावा. मिररलेसमध्ये हा फरक कळ दाबण्यापूर्वीच दिसतो, डीएसएलआरमध्ये दाबल्यावर. दोन-चार चित्रे वाया गेली तर बिघडत नाही. सुरई बिचारी बसूनच असते.

घराबाहेर पडले की पारडे झुकते. बिदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. 1436 साली निधन पावलेल्या अहमदशहा वलीच्या कबरीच्या आतील रंगकाम आणि सुवर्णाक्षरे पाहावयास देशोदेशीचे अभ्यासक येतात. पण आत उजेड दारातून येईल तेवढाच. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंत तिपाई लावावयाची तर आगाऊ परवानगी लागते. म्हणजे काम हातावरच आले. कलबुर्गीच्या किल्ल्यातील 1367 सालची जामा मशीद संपूर्ण घुमटांनी छाकलेली. तेथे कमानींमागून कमानी सावलीत गेलेल्या दिसतात. अशा ठिकाणी जुन्या भिंगाचे मोठे छिद्र कामी येते. कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे भिंग लांबच्या टोकाला 5.6 छिद्र देते, पन्नासचे 1.8 छिद्राचे जुने भिंग त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. शिवाय पुष्कळ मिररलेस कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरण्यासाठी सेन्सरच हलविण्याची यंत्रणा असते. भिंग किती मिलिमीटरचे ते कॅमेऱ्यास सांगितले की साठ वर्षांपूर्वीच्या काचेलाही तिचा लाभ होतो. डीएसएलआरमध्ये पेंटॅक्ससारखे थोडे अपवाद वगळता ही सोय कॅमेऱ्यात नसून भिंगात असते, आणि जुन्या भिंगात ती कोठून येणार?

हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीच्या देवळावर शिलालेख कोरणारी एक सुंदरी आहे. तिच्यासाठी 135 मिलिमीटरचे हाताने फिरवायचे भिंग घेऊन उन्हे कलतीला लागण्याची वाट पाहावी. ती शतकानुशतके उभी आहे. आपणांसाठी अर्धा तास थांबेल. पण वरमाला घालणारी वधू थांबत नाही, धावणारे नातवंड थांबत नाही, बिदरच्या माळावरचे काळवीट तर मुळीच थांबत नाही. ज्यांच्या घरी मुख्यतः मुलेबाळे आणि कार्ये टिपावयाची आहेत, त्यांनी हाताच्या भिंगाचा मोह आवरावा आणि आपोआप फोकस होणारे एक पन्नासचे किंवा पस्तीसचे भिंग घ्यावे, कॅमेरा कोणताही असो.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नासचे भिंग पंचाहत्तरसारखे वागते, हेही ध्यानी ठेवावे. आपल्या माळवदाच्या घरात, अरुंद माजघरात त्याने चार माणसेही चौकटीत मावत नाहीत. तेथे अठ्ठावीसचे किंवा त्याहून रुंद भिंग हवे.

वजनाचे आणि विजेचे गणित उलटसुलट आहे. निकॉन डी 850सारखा डीएसएलआर भिंगाविना एक किलो भरतो. सोनीचा तेवढ्याच आकाराच्या सेन्सरचा ए 7 सी त्याच्या साधारण निम्म्यावर येतो. गाणगापूरच्या वारीत दिवसभर खांद्यावर वागवावयाचा तर हा फरक लहान नव्हे. उलट डी 3500सारखा साधा डीएसएलआर एका बॅटरीत पंधराशेच्या वर चित्रे देतो, तर त्याच दर्जाचा मिररलेस बहुधा 300 ते 400 देऊन थकतो. जादा बॅटरी घ्यावीच लागते. वैशाखातील आपल्याकडची धूळ हाही विचार आहे. डीएसएलआरचे भिंग काढले तरी सेन्सरपुढे आरसा आणि झडप असतात. मिररलेसमध्ये बहुधा सेन्सर उघडाच पडतो. म्हणून भिंग बदलणे घरात, वारा नसलेल्या जागी, कॅमेऱ्याचे तोंड खाली करूनच करावे.

कपाटातील भिंग वापरण्यापूर्वी तपासावे. त्यातून विजेरीचा प्रकाश पाहावा; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे, कडे जडपणे पण सलग फिरावे. चामड्याच्या पेटीत भिंग कोंडून ठेवण्याची जुनी सवय सोडावी. ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ते अधिक काळ टिकते. आणि सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे निघत नाहीत. आग्फा क्लिक थ्रीचे भिंग पेटीलाच जडलेले, ते आठवण म्हणूनच ठेवावे.

बाजाराचा कल उघड आहे. कॅनन आणि निकॉन यांचे शेवटचे नवे डीएसएलआर 2020 साली आले. सोनीने ती वाट सोडली. पेंटॅक्स तेवढा आरशाशी इमान राखून आहे. म्हणून आज पहिलाच कॅमेरा नवा घेणाऱ्याने, विशेषतः घरात जुनी भिंगे असतील तर, मिररलेस घ्यावा. ज्यांच्याकडे चालता डीएसएलआर आणि त्याची आपोआप फिरणारी भिंगे आहेत, त्यांनी तो झिजेपर्यंत वापरावा. तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांनीही घाईने कर्ज काढू नये. ज्यांस पैसा बेताचा आहे, त्यांना वापरलेला डीएसएलआर आज पुष्कळ स्वस्तात मिळू शकतो, आणि मेजावरच्या कामास तो उत्तम.

गुलाम याझदानी यांचा बिदरवरील ग्रंथ 1947 साली निघाला. त्यातील महमूद गवानाच्या मदरशाची, रंगीन महालाची छायाचित्रे आजच्या कॅमेऱ्यांपुढे बोजड ठरणाऱ्या साधनांनी काढलेली आहेत. तरीही कोणती फरशी त्या वेळी जागेवर होती याचा दाखला आजही त्यांवरूनच मिळतो. आपल्या घरांचा असा ग्रंथ कोणी काढणार नाही. पडावयास आलेला वाडा, आजीच्या हातचे मोडी टिपण, पणजोबांचे बिदरी पानदान यांचा दाखला आपणच ठेवला तर राहील. तेव्हा हैदराबादला किंवा सोलापूरला दुकानात जाताना आपले जुने भिंग आणि ते बसविण्याचे कडे सोबत न्यावे. भिंग ओळखले नाही तरी कळ चालू देण्याची सोय कॅमेऱ्याच्या यादीतून सुरू करवून घ्यावी, दुकानातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहून दहा चित्रे काढावीत, आणि मोठी करून पाहावीत. जो कॅमेरा तेथे आपल्या डोळ्याला आणि हाताला साथ देईल तो आपला. आणि त्याची निवड पुढील महिन्यावर ढकलली, तरी पानदानाचे व टिपणाचे चित्र ढकलू नये. ते या रविवारी, असेल त्या कॅमेऱ्याने काढावे.