त्यांचा तंबू तो ‘कॅम्प’, आपली खोपी ते ‘अतिक्रमण’!



मे महिना सरत आला, काजवे चमकायला लागले, की राजूर, शेंडी, भंडारदरा या बाजूला शहरातल्या गाड्यांची रांग लागते. पाऊस सुरू झाला की धबधब्यासाठी लागते, थंडीत गडासाठी लागते. यात आता नवीन काय राहिलं नाही. नवीन आहे ती मागणी. धरणाच्या काठाला ओळीने लावलेले तंबू पाहुण्यांना नकोसे झालेत. तिथं गर्दी, तिथं गाणी वाजतात. त्यांना पाहिजे आत जंगलात एकटा तंबू. संडास नको, लाईट नको, शेजारी नको. आपल्या पोरांना विचारतात, “दादा, जिथं कुणीच येत नाय अशी एखादी जागा दाखव ना.” हातावर नोट ठेवतात. पोरगा जागा दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्या जागेचा फोटो आणि खूण मोबाइलच्या नकाशावर चढते. पुढच्या शनिवारी तिथं एकाचे दहा तंबू झालेले असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथं कुणीच येत नाय अशी जागा आपल्या जंगलात एकसुद्धा नाही. आणि तंबू कुठं लागायचा, कुठं नाही, लागायचा की लागायचाच नाही, हे आधी ग्रामसभेला विचारलं पाहिजे. पोराला नाही, ठेकेदाराला नाही, नकाशाला तर नाहीच नाही.

रिकामी जागा म्हणजे कुणाची जागा?

शहरातला माणूस ज्या जागेला ‘रिकामी’ म्हणतो ती बघा कोणती असते. झऱ्याच्या वरची सपाटी. तिथं उन्हाळ्यात आपली गुरं दुपारी बसतात आणि खाली बाया हंडा भरतात. देवराईच्या कडेची सावली. तिथली काटकीसुद्धा आपण घरी आणत नाही. हिरड्याच्या झाडाखालची जागा. चैत्र-वैशाखात बाळहिरडा गोळा करून पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तिथूनच येतात. कातळाचा सडा. तिथं धान वाळतं. ओढ्याचा काठ. तिथं पहाटे बायामाणसं बाहेर जातात. आता तिथं बॅटऱ्या घेऊन परके बाप्ये फिरतात, मग आपल्या आयाबहिणींनी जायचं कुठं?

प्रत्येक जागेला नाव आहे. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, एका डोंगराची पन्नास नावं सांगतील. अमक्याचं टेपाड, तमकीचं पाणी, वाघोबाची जागा. ही नावं सरकारी कागदावर नाहीत. कागदावर तिथं फक्त कंपार्टमेंट नंबर असतो. आणि आता मोबाइलच्या नकाशावर तिसरंच नाव येतं, ‘सीक्रेट पॉइंट’. आपल्या देवाच्या जागेला यांनी गुपित म्हणायचं आणि ते गुपित साऱ्या जगाला सांगायचं!

‘प्रिमिटिव्ह’ कोण?

अशा मुक्कामाला इंग्रजीत ‘प्रिमिटिव्ह कॅम्पिंग’ म्हणतात. प्रिमिटिव्ह म्हणजे आदिम. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सरकारने कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांना वर्षानुवर्षं याच शब्दाने ओळखलं. आदिम जमाती, म्हणजे मागासातले मागास. आता मज्जा बघा. चुलीवर भाकर भाजणं, झऱ्याचं पाणी पिणं, जमिनीवर झोपणं, चांदण्यात बसणं हे आपण केलं तर मागासलेपण. त्याच्यासाठी योजना निघते, सर्वे होतो, अधिकारी येतात. तेच शहरातल्या माणसाने दोन रात्री पैसे भरून केलं तर तो अनुभव! आपलं जगणं त्यांना सुट्टीपुरतं पाहिजे. आपण मात्र नकोत.

आणि या डोंगरात विखरून मुक्काम करायची विद्या कुणाची? राघोजी भांगरे याच मुलखातले. इंग्रजांची फौज त्यांना डोंगरदऱ्यांत शोधत फिरत होती. 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. तेव्हा आपल्या लोकांच्या मुक्कामाच्या जागा शोधायचं काम सरकारच्या खबऱ्यांचं होतं. आज तेच काम आपली पोरं नोटेसाठी करायला लागली तर वर तोंड करून राघोजीची जयंती कशी करायची?

कायदा एक, डोळे दोन

वनखातं आपल्याला कायदा शिकवतं. आज आपण थोडा कायदा वाचू.

1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 26. राखीव जंगलात आग पेटवणं, गुरं घालणं, झाड तोडणं, विनापरवाना शिरणं गुन्हा. या कलमाखाली आपल्या आज्या-पणज्यांपासून दंड भरलाय. कुऱ्हाडी गेल्या, मोळ्या गेल्या, कोंबड्या गेल्या.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27. अभयारण्यात परवानगीशिवाय बाहेरच्याला शिरता येत नाही, हमरस्त्याने जाणारा सोडून. पण तिथं राहायची मुभा असलेल्याला आणि तिथं जमिनीचा हक्क असलेल्याला ती परवानगी लागत नाही. कलम 30 म्हणतं, अभयारण्याला धोका होईल अशी आग कुणी पेटवायची नाही. आपलं कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. म्हणजे कायद्याने परका कोण आणि घरचा कोण हे लिहून ठेवलंय. पण होतं उलटंच. मोळीवाल्या बाईला अडवतात आणि कोळशाची पोती, दारूचे खोके घेऊन आलेल्या गाडीची पावती फाडून आत सोडतात. शेकोटी राबाची असली तर जंगल जळतं, कॅम्पची असली तर जळत नाही काय?

अजून एक. वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा दाखवावा लागतो. आपण दंडाच्या पावत्या शोधल्या, म्हाताऱ्यांचे जबाब दिले, बांध दाखवले, तरी दावे नामंजूर झाले. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना काढायचा आदेश दिला, तेव्हा देशभरच्या लाखो आदिवासी घरांत झोप उडाली. लोक रस्त्यावर उतरले, 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याने पुरावा द्यायचा. काल रात्री आलेल्या तंबूला पुरावा कोण मागतो?

तंबू गेल्यावर मागं काय राहतं

कुणी म्हणेल, दोन रात्रींचा तंबू, त्याने असं काय बिघडतं? बघू.

पहिलं पाणी. धरण उशाला आणि हंडा डोक्याला, ही आपली जुनी रड. मे महिन्यात झऱ्याला करंगळीएवढी धार असते. तिच्यावर पाडा जगतो. वरच्या अंगाला दहा माणसं चार दिवस हागली आणि साबण लावून आंघोळली की पहिल्या पावसात ते सगळं कुठं येणार? आपल्या हंड्यात. ज्या देशांत असल्या मुक्कामाचा रिवाज आहे तिथं पाण्यापासून दोनशे फूट लांब, खड्डा खणून, माती लोटून बसायचा नियम शिकवतात. इकडे येताना पाहुणे तंबू आणतात, तो नियम घरी विसरतात.

दुसरं काजवे. काजव्याची अळी ओल्या मातीत, पाल्यापाचोळ्यात वाढते, गोगलगायी खाते. पंख फुटल्यावर काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं. तेवढ्यात नर आणि मादीने एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधायचं असतं. तिथं गाडीचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि रात्रभर शेकोटी असली तर ती खूण दिसायची कशी? वर पाचोळा तुडवला, जाळला, तर पुढल्या साली अळी कुठून येणार? काजवे बघायला आलेला माणूसच काजवे संपवतो. आणि काजवे संपले की तो दुसरा डोंगर शोधेल. आपल्याला दुसरा डोंगर नाही.

तिसरं जळण आणि आग. वाळकं लाकूड हातासरशी संपलं की ओली फांदी तुटते. शेकोटी नीट विझवली नाही आणि वारा सुटला तर डोंगर पेटतो. मग चौकशी कुणाची होते? सकाळी गाडी पुण्याला पोचलेली असते. नाव येतं जवळच्या पाड्याचं.

आपल्या पोरांचा सवाल

आता आपल्याच पोरांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, कारण ते खरं आहे. ते म्हणतात, “भात-नागलीवर भागत नाय. आवणीनंतर नारायणगावला मजुरीला जायचं, नाहीतर इथं पाहुण्याला जेवण घालायचं. पाहुणा बंद केला तर आम्ही खायचं काय?”

बरोबर आहे. पाहुणा बंद करा असं मी म्हणत नाही. पाहुण्याला भाकर घालणं ही आपली रीत आहे. पण पाहुणा दारातून येतो, विचारून बसतो. मागच्या भिंतीवरून उडी मारून येतो तो पाहुणा नसतो. आणि पैशाचं बघा. माणशी पैसे शहरात बसून मोबाइलवर घेतले जातात. तंबू त्याचा, नफा त्याचा. आपल्या पोराला मिळते तंबू वाहायची मजुरी, आपल्या आईला मिळते भाकरीमागे मोजलेली चिल्लर. रान आपलं, झरा आपला, आणि आपण हमाल! तंबू जितका आत, जितका विखुरलेला, तितकी गावाची कमाई कमी, कारण त्याला गावाची गरजच राहत नाही. तोच तंबू पाड्याजवळ, भात कापल्यावर आपल्या खाचरात लागला तर चूल आपली, संडास आपला, पैसा आपला.

इथं एक सावधगिरीचा इशारा. काही जण पट्ट्याची जमीन कॅम्पवाल्याला करारावर देऊ पाहतात. देऊ नका. वनहक्क कायद्याच्या कलम 4 (4) प्रमाणे ती जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सातबाऱ्यावरच्या जमिनीला जमीन महसूल कायद्याचं कलम 36-अ आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाड्याने द्यायलासुद्धा जिल्हाधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. स्टॅम्प पेपर दाखवून “हे नुसतं ॲग्रिमेंट आहे” असं कुणी म्हणालं तर अंगठा टेकवू नका. आधी संघटनेच्या माणसाला दाखवा.

ग्रामसभेने काय करायचं

वनहक्क कायदा 2006 चं कलम 5 ग्रामसभेला अधिकार देतं. वन्यप्राणी, जंगल आणि जैवविविधता राखणं. पाण्याचे उगम राखणं. आपल्या संस्कृतीला धक्का लागू न देणं. आणि सामूहिक वनात कुणी यायचं याचं नियमन करणं, नुकसान करणारं काम थांबवणं. अभयारण्य आहे म्हणून हा कायदा इथं लागत नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. कायद्यातल्या ‘वनजमीन’ या शब्दात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाला. त्यांच्या रानातला बांबू आज त्यांच्या पासावर जातो. ते आकाशातून पडलेले नाहीत, आपल्यासारखेच आहेत.

म्हणून पावसाआधी प्रत्येक पाड्याने एवढं करावं :

1. पाड्याची ग्रामसभा बोलवा. निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. झरा आणि ओढा यावर आधी बायांनी बोलायचं.

2. जुन्या माणसांना घेऊन रान फिरा. प्रत्येक जागेचं नाव, उपयोग, देव, पाणी, चराई, हिरडा, सगळं वहीत लिहा, कागदावर नकाशा काढा. सामूहिक हक्काच्या दाव्यात हाच पुरावा चालतो. पाणवठे, चराईच्या जागा, देवाच्या जागा, म्हाताऱ्यांचे जबाब नियमांत पुरावा म्हणून लिहिलेले आहेत.

3. ठराव करा. देवराईत तंबू नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला तंबू नाही. रानात शेकोटी नाही. काजव्यांच्या दिवसांत झाडांजवळ गाडी आणि दिवा नाही. तंबू लागेल तो गावाने ठरवलेल्या जागीच, गावाने ठरवलेल्या संख्येतच.

4. पैसे ग्रामसभेच्या खात्यात, हिशेब सभेत. वाटाड्या गावाचा, आणि त्याने ‘गुपित’ जागा दाखवायची नाही.

5. ठरावाची प्रत वनखात्याला, तहसीलदाराला, प्रांताला द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला कागद म्हणजे रद्दी.

भावांनो, बहिणींनो, नाव लिहायची ही शर्यत आहे. आज नकाशावर त्यांचं नाव आहे. पाच वर्षांनी म्हणतील, हे तर पहिल्यापासून पर्यटनाचं ठिकाण, इथं आदिवासी कुठं होते? त्याआधी आपलं नाव आपल्या हाताने कागदावर चढलं पाहिजे. ज्याला या रानात झोपायचं आहे त्याने खुशाल झोपावं. आधी पाड्यावर यावं, गावाला विचारावं, आणि ही जागा कुणाची आहे ते ऐकून घ्यावं.

जंगल आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!
जय राघोजी! जय आदिवासी!

— संघटनेचा एक कार्यकर्ता, अकोले तालुका

(वाचून झाल्यावर अंक घडी घालून ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवा.)