बुटक्या मोटारीची उंच मिजास

उंच बांधणीची विजेरी क्रॉसओव्हर मोटार विकत घ्यावयाची, मग तिच्या मूळ स्प्रिंगा काढून आखूड बसवावयाच्या आणि चाकांना रुंद टायर चढवावयाचे, अशी एक हौस सुखवस्तू तरुणांत मूळ धरीत आहे. ज्याची मोटार त्याची हौस, इतरांनी नाक का खुपसावे, असे तिचे समर्थक विचारतात. पदरच्या पैशाने चाललेल्या हौसेपुरता हा प्रश्न रास्त ठरला असता. येथे पैसा एकट्या मालकाचा नाही.

विजेऱ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर 1 ऑगस्ट 2019 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला. सायकलीवरचा 12 टक्के कर मात्र 5 वर येण्यास 22 सप्टेंबर 2025 उजाडावे लागले. सालेकसा-देवरीकडे शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल सहा वर्षांनी श्रीमंतांच्या मोटारीच्या पंक्तीला बसली! मार्च 2025 मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेऱ्या मोटारींवर 6 टक्के कर सुचविला गेला. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. पुढे त्याच वर्षीच्या धोरणाने समृद्धी महामार्गावरील पथकरातूनही या मोटारींना सूट दिली.

या साऱ्या औदार्याचे समर्थन एकच: ऊर्जा वाचते, धूर घटतो. आता रुंद टायर पाहा. तो सामान्यतः जड असतो, हवा अधिक अडवतो आणि त्याच बॅटरीवर मोटार कमी अंतर कापते. मोटार खाली आणल्याने हवेचा विरोध थोडा कमी होतो हे खरे. परंतु ती बचत रुंद टायर सहज गिळून टाकतो. जास्तीची वीज कोठून येणार? गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला 3300 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प कोळसा जाळीत उभा आहे. विजेच्या जाळ्यात तीही वीज मिसळते. हौस एकाची, राख तिरोड्याच्या आसमंतात.

शिवाय या मोटारीची बॅटरी बुडाशीच बसविलेली असते आणि तिचे वजन कित्येक मण भरते. धानाने लादलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्यांवरून जातात, पावसाळ्यात बोड्या-तलाव तुडुंब भरले की ज्यांवर पाणी चढते, तेथे उंची हाच क्रॉसओव्हरचा एकमेव ग्राह्य गुण. तोच कापून टाकावयाचा आणि मग गतिरोधकांच्या नावाने शासनाला शिव्या द्यावयाच्या! कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावूनही सांगितले. दंड फेरफारामागे 5000 रुपये. हा दंड नव्हे, या वर्गाला ती टायरांच्या बिलातली किरकोळ बाब वाटेल. (त्याच कायद्यात सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, ती कोणाला आठवते?)

थॉर्स्टीन व्हेब्लेनने 1899 साली प्रदर्शनी उपभोगाचे विवेचन केले, तेव्हा वस्तू निरुपयोगी होत गेली की तिची प्रतिष्ठा वाढते, हा त्याचा रोख होता. उंच घेऊन बुटकी केलेली मोटार हे त्याचेच नवे उदाहरण आहे. फरक इतकाच की व्हेब्लेनचा धनिक निदान स्वतःच्या पैशाने मिरवीत असे.

मूळ बांधणीत फेरफार करणाऱ्याची कर व पथकर सवलत काढून घ्यावी. तीस लाखांवरील मोटारींचा तो 6 टक्के कर पुन्हा लावावा आणि त्याच्या उत्पन्नातून गोंदिया व तिरोडा आगारांना विजेऱ्या एसटी गाड्या द्याव्यात.