बारा गावचं पाणी

बोरा मिलुटिनोविच यांचं नाव काढा, आक्षेप तयारच असतात. हा सर्बियन फुटबॉल प्रशिक्षक भाडोत्री. बोलावणं येईल तिकडे निघणारा. शिवाय नशीबवान, विश्वचषकातले त्याचे संघ 1986चा मेक्सिको आणि 1994ची अमेरिका, दोघेही यजमान. आणि 2002 मध्ये चीनला नेलं, तर तीन सामन्यांत गोल शून्य, खाल्ले नऊ.

शेवटचे आकडे खरे आहेत. पण चीन विश्वचषकात खेळला तो तेवढ्याच एका वेळी. त्या पात्रता फेरीत जपान आणि दक्षिण कोरिया नव्हते, हेही कबूल. मात्र 2026साठी आशियाला थेट आठ जागा मिळाल्या, तरी चीन बाहेरच राहिला. मग शून्याचा हिशेब मांडताना दार कोणी उघडलं, हे का गाळायचं?

यजमानाला स्पर्धेत जागा मिळते, विजय मिळत नाही. आणि कोस्टा रिका कुठे यजमान होता? 1990 हा त्याचा पहिलाच विश्वचषक. बोरांच्या हाती जेमतेम तीन महिने. तरी स्कॉटलंडला 1-0, स्वीडनला 2-1 हरवून संघ बाद फेरीत गेला. 1998 मध्ये बोरांच्याच नायजेरियाने स्पेनला 3-2 नमवलं आणि गटात पहिला आला. पुढे डेन्मार्कने 4-1 धुतलं, तेही नोंदवू.

राहिला ‘भाडोत्री’. बायिना बाश्ताचा हा मुलगा पार्टिझान क्लबात घडला, फ्रान्समध्ये खेळला आणि शेवटी मेक्सिकोच्या पुमास क्लबात स्थिरावला. तिथेच प्रशिक्षक होऊन त्याने 1980-81ची लीग जिंकून दिली. मेक्सिकोचा संघ त्यानंतर हाती आला. याला भाडोत्री म्हणायचं, तर मुरलेला कोणाला म्हणायचं?

क्लबचा प्रशिक्षक हवा तो खेळाडू विकत आणतो. देशाच्या प्रशिक्षकाला आहे त्यातच भागवावं लागतं. अशा वेळी उपरेपण कामी येतं. उपऱ्यावर कोणाच्या वशिल्याचं ओझं नसतं, जुन्या पुण्याईची भीड नसते. कोस्टा रिकाला पात्र करणाऱ्या काही अनुभवी खेळाडूंना बोरांनी वगळलं. घरच्या माणसाचा हात तिथे कचरला असता.

सलग चार विश्वचषक, चार वेगळे देश, चारही पहिल्या फेरीपलीकडे. नशीब एकदा साथ देतं. चार खंडांत नव्हे, पण दोन खंडांत चारदा तेच घडलं, तर त्याला कसब म्हणतात. बारा गावचं पाणी पिणं आपण टोमण्यासारखं बोलतो. बोरांनी मात्र प्रत्येक गावी आधी विहिरीची खोली मोजली.