मताची एकाधिकार खरेदी



वऱ्हाडातल्या एका गावात आम्ही बैठकीला गेलो होतो. बैठक मारुतीच्या पारावर. अर्धे लोक पाराच्या या अंगाला, अर्धे त्या अंगाला, मधली जागा रिकामी. आम्हाला वाटले जातीची भानगड असेल. चौकशी केली तेव्हा कळले, भानगड पक्षाची आहे. दोन सख्खे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून शेत, विहीर सामाईक. २०१४ च्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. धाकट्याच्या मुलीच्या लग्नाला थोरला गेला नाही. पाण्याच्या पाळ्या तिसऱ्या माणसाकरवी ठरतात. आणि ज्या दोन पक्षांपायी ही भाऊबंदकी पेटली, त्यांचे पुढारी २ जुलै २०२३ रोजी राजभवनात मांडीला मांडी लावून बसले आणि एकाच मंत्रिमंडळात गेले!

आम्ही हे बोलून दाखवले. कोणी हसले नाही. थोरला भाऊ खाली मान घालून म्हणाला, "साहेबांनी काही विचार करूनच केलं असंल."

साहेबांनी विचार केला, हे आम्हालाही मान्य आहे. ते नेहमीच करतात. २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या पहाटे शपथविधी झाला तोही विचार करून, आणि जून २०२२ मध्ये आमदारांची वरात सुरतमार्गे गुवाहाटीला गेली तीही विचार करूनच. आमचा प्रश्न साहेबांबद्दल नाही, थोरल्या भावाबद्दल आहे. तुरीवर कोणती फवारणी करायची हे तो तीन माणसांना विचारून ठरवतो. मग मत देताना आणि दिल्यानंतरची पाच वर्षे त्याने विचार करण्याचे काम दुसऱ्याला मक्त्याने का दिले?

एकाधिकार खरेदी आमच्या पिढीला चांगली आठवते. १९७२ साली ती सुरू झाली तेव्हा हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या मापातून आणि कटतीतून शेतकरी सुटावा, असे सांगितले गेले. काही वर्षे आपला हमीभाव बाहेरच्या बाजारापेक्षा चढा होता आणि तेव्हा परप्रांतातला कापूस चोरून आपल्या केंद्रावर यायचा, हेही खरे. पण कायदा असा की महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने कापूस घालायचा तो सरकारलाच. दुसरे गिऱ्हाईक नाही. मग केंद्रावर बैलगाड्यांची रांग, थंडीत दोन-दोन रात्री गाडीखाली झोपणे, ग्रेडरने कापूस हातात घेऊन नाक मुरडणे, चुकारे लांबणे, भांडवल निधीच्या नावाने कपात. गिऱ्हाईकाला ठाऊक होते, हा माल जाणार कुठे? मध्य प्रदेशात किंवा तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादेत भाव जास्त असला तर वाटेत नाका आणि नाक्यावर पोलीस. आपलाच कापूस, आपल्याच देशात, आणि न्यायचा रात्री चोरासारखा.

त्या काळात तुम्ही एक गोष्ट पक्की शिकलात. जो माल दुसरीकडे जाऊच शकत नाही, त्याच्या धन्याशी कोणी घासाघीस करत नाही. म्हणून तुम्ही लढलात. डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या आंदोलनात हिंगोलीजवळ सुरेगावला गोळीबार झाला, तीन शेतकरी पडले. त्यांच्या खिशात कोणत्या पक्षाची पावती होती हे त्या दिवशी कोणी पाहिले नाही.

२००२ साली खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची मोकळीक झाली. मताची एकाधिकार खरेदी मात्र चालूच आहे. तिला कायदा नाही, नाका नाही, पोलीस नाही. ती आपण आपल्या हौसेने चालवतो. "आमचं घर पहिल्यापासून अमक्या पक्षाचं," असे आपण छाती फुगवून सांगतो. पुढारी ते ऐकतो आणि मनात म्हणतो, बरे झाले, या घरासाठी काही करायला नको. विरोधी पक्षाचा पुढारीही तेच ऐकतो आणि म्हणतो, या घरासाठी काही करून उपयोग नाही. एका वाक्यात आपण दोन्ही गिऱ्हाइके घालवली.

आता कापसाची वही उघडू. एप्रिल २०१० मध्ये केंद्राने कापूस निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी सरळ निर्यातबंदी घातली. तेव्हाचे कृषिमंत्री महाराष्ट्राचे. आपल्याला विचारलेच नाही, असे त्यांनीच जाहीर सांगितले. गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना निषेधाचे पत्र लिहिले. आरडाओरड झाली आणि काही दिवसांत बंदी ढिली करावी लागली. त्या वेळी आम्ही गावोगाव फिरत होतो. काँग्रेसला मानणारे शेतकरी घरातून बाहेर पडत नव्हते. "दिल्लीची काही अडचण असेल," म्हणायचे.

२०१४ ला सरकार बदलले. गुजरातचे मुख्यमंत्री पंतप्रधान झाले. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क लागले, सगळे मिळून ११ टक्के. ते चांगले झाले आणि आम्ही चांगले म्हटले. पण भावाने दहा हजारांचा पल्ला ओलांडताच १४ एप्रिल २०२२ रोजी शुल्क माफ. १९ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा माफ, आधी सप्टेंबरअखेर, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे सीतादहीपासून ऐन वेचणीपर्यंत परदेशी गाठींना दार सताड उघडे. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११०. आम्ही पुन्हा गावोगाव फिरलो. या वेळी घरात बसले होते भाजपला मानणारे. "देशाची काही अडचण असेल," म्हणत होते. आणि २०१२ ला घरात बसलेले आता तावातावाने पुढे!

पीक तेच, पराटी तीच, खिशाला पडलेले भोक तेच. कोणी ओरडायचे आणि कोणी गप्प बसायचे, एवढ्या पाळ्या फक्त बदलल्या. दोन्ही वेळा निम्मा शेतकरी गप्प राहिला, आणि निम्म्या शेतकऱ्याच्या ओरडण्याला सरकार फारसे भीत नाही.

याउलट गिरणीवाल्यांकडे बघा. आम्ही त्यांना शिव्या देत नाही, उलट त्यांच्याकडून शिकावे म्हणतो. सरकार कोणाचेही असो, त्यांचे निवेदन एकच असते: कापूस बाहेर जाऊ देऊ नका, बाहेरचा येऊ द्या. वर मंत्र्याचे नाव तेवढे बदलते. एखादा गिरणीमालक दुसऱ्या गिरणीमालकाशी पक्षापायी बोलत नाही, असे आम्ही तरी ऐकलेले नाही.

ज्वारीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचे हाल कुत्रा खात नाही. २०२३ साली जगभर भरडधान्य वर्ष साजरे झाले. ज्वारीला 'श्रीअन्न' म्हणून पाटावर बसवले. रेशनच्या दुकानात मात्र मुख्य धान्य गहू आणि तांदूळच राहिले. आधीच्यांनी तेच केले, नंतरच्यांनीही तेच केले.

दीडपट भावाचे प्रकरण जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण त्यात आमचाही दोष आहे. स्वामीनाथन आयोगाने उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव द्यावा, असे सुचवले. शेवटचा अहवाल २००६ साली आला. तेव्हाच्या सरकारने आठ वर्षांत ती शिफारस अमलात आणली नाही. २०१४ साली भाजपने ते वचन जाहीरनाम्यात घेतले. आम्ही खूश झालो. नुसते खूश झालो नाही, काही गावांत त्या वचनावर मतेही मागितली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की असा भाव देणे शक्य नाही, त्याने बाजार बिघडेल. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट दिल्याची घोषणा झाली, पण खर्चाची व्याख्या बदलून. बियाणे, खत, मजुरी आणि घरच्या माणसांचे कष्ट धरले. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज वगळले. शेतीशास्त्राची पदवी घेताना आम्ही खर्चाचे हे तक्ते पाठ केले होते, त्यामुळे काय वगळले ते आम्हाला लगेच कळले.

पण २०१५ च्या प्रतिज्ञापत्रावर आम्ही काय केले? चार महिने एक पत्रक काढले नाही. सरकार नवे आहे, वेळ द्यावा, असे आम्ही बैठकांत बोलत होतो. शेवटी एका बैठकीत मागे बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले, "साहेब, हेच मागच्या सरकारनं केलं असतं, तर तुम्ही किती दिवस दिले असते?"

एकही दिवस दिला नसता. आम्हाला ते तिथे सर्वांसमोर कबूल करावे लागले. तेव्हापासून तो प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो, आणि आज तुम्हाला विचारतो आहोत.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांचेही असेच झाले. बाजार समितीचा कायदा रद्द करून शेतमालाचा व्यापार बंधनमुक्त करू, असे काँग्रेसने २०१९ च्या जाहीरनाम्यात लिहिले होते. पुढच्याच वर्षी भाजप सरकारने त्याच वाटेने जाणारे कायदे आधी वटहुकमाने आणि मग सप्टेंबरमध्ये संसदेत घाईने आणले, आणि काँग्रेस विरोधात उभी राहिली. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते मागे घेतले गेले, तेव्हा संसदेत चर्चासुद्धा झाली नाही. या कायद्यांबद्दल आमच्या चळवळीतही दोन मते होती आणि दोन्हींना कारणे होती. त्याचे दुःख नाही. दुःख याचे की गावात आम्ही कायद्याचे कागद वाटले तेव्हा पहिला प्रश्न आला, "आणले कोणी?" आत काय आहे, हे फार थोड्यांनी विचारले.

बियाण्याच्या पिशवीला आपण असे करतो का? पिशवी उलटी करून उगवणशक्तीचा आकडा बघतो, तारीख बघतो. नवे वाण असले तर एका एकरात लावून बघू म्हणतो. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे आतून पोखरली, तेव्हा "आमचं घर पहिल्यापासून या कंपनीचं" असे म्हणत कोणी त्याच वाणाला मिठी मारून बसले नाही. दुकानदाराला जाब विचारला, वाण बदलले, पेरणीची वेळ बदलली, फरदड मोडली. ही अक्कल आपल्यात आहे. ती मतपेटीजवळ पोचेपर्यंत कुठे सांडते, कोण जाणे.

निवडून गेलेल्यांचे हात तर कायद्यानेच बांधलेले आहेत. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सदस्याने पक्षादेशाविरुद्ध मत दिले की सदस्यत्व धोक्यात. कळपाने गेले तर मात्र वाट सापडते, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. म्हणजे आपला आमदार कापसाच्या प्रश्नावर एकटा उठून सभागृहात आपल्या बाजूने मत देईल, ही आशा ठेवूच नका. त्याच्यावर पक्षादेश आहे. तुमच्यावर कोणाचा आहे?

आता तुमचे म्हणणे. प्रत्येक बैठकीत कोणीतरी उठून सांगते: पक्षाचा माणूस नसला तर तहसिलीत कागद हलत नाही, विहिरीचे अनुदान मिळत नाही, दवाखान्यात ओळख लागते. हे खोटे नाही. ज्याची गरज असते त्याला उपदेश करणे सोपे असते, म्हणून आम्ही ते करणार नाही. कागदासाठी ज्याच्याकडे जावे लागते त्याच्याकडे जा. पण त्या एका कागदाच्या मोबदल्यात दहा एकरांच्या कापसाचा भाव सोडून द्यायचा का, एवढा हिशेब करा. आणि एकटे जाऊ नका. एका गावचे तीस शेतकरी, त्यांत सगळ्या पक्षांचे, एकाच अर्जावर सह्या करून तहसिलीत गेले तर साहेब खुर्ची देतो. हे आम्ही पाहिले आहे.

दुसरे म्हणणे: मग सगळेच चोर, मतच देऊ नये. हा विचार नाही, हा कंटाळा आहे. मत न देणाऱ्याचा भाव तर शून्यच. पक्ष सोडा असेही आम्ही म्हणत नाही. कोणाला एखाद्या पक्षाचा विचार पटतो, कोणाची पिढ्यांची ओढ असते. असू द्या. आमचे मागणे एवढेच की आपल्या पक्षाच्या सरकारने भाव पाडला तर मोर्चात पहिल्या रांगेत तुम्ही असावे. विरोधकांच्या आधी, आपला झेंडा खांद्यावर घेऊनच. त्या झेंड्याची भीती मंत्र्याला जास्त वाटते.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणायची आहे. साधी, शंभर पानी. तीत २०१० पासूनच्या कापूस आणि ज्वारी विक्रीच्या पावत्या उतरवायच्या: साल, क्विंटल, मिळालेला भाव, त्या वर्षीचा हमीभाव. शेजारी त्या साली केंद्रात आणि राज्यात सरकार कोणाचे होते ते. शेवटच्या रकान्यात, भाव पडला तेव्हा आपण काय केले ते खरे लिहायचे. घरी बसलो असू तर घरी बसलो. आमचे ते चार महिने आम्ही आमच्या वहीत लिहिले आहेत. पावत्या हरवल्या असतील तर जिनिंगवाल्याकडून किंवा बाजार समितीतून नक्कल काढा. ज्या गावात भाऊ भावाशी बोलत नाही, तिथे वही दोघांनी मिळून लिहायची आहे. एकाने आकडे सांगायचे, दुसऱ्याने उतरवायचे.