बँकर इंजिन आणि बीपीची गोळी

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या फार्महाऊसांवर हल्ली वीकेंडला श्वासाची शिबिरं भरतात. श्वासाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "बीपीची गोळी सुटेल" या वाक्याशी. ओळखीतल्या एका काकांनी शिबिराहून आल्यावर गोळी खरंच सोडली आणि महिन्याभरात १९०/११० घेऊन दवाखान्यात पोचले.

संथ श्वासाने दाब उतरतो, हे आपल्याच लोकांनी मोजलंय हो. खोपोलीहून घाट चढलं की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत नेला. १९६९ मध्ये केईएमच्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरचा शवासनाचा अभ्यास छापला. पोटाने घेतलेला संथ, लयबद्ध श्वास हा त्यातला गाभा. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधं कमी झाली. पण ती डॉक्टरांनी, मोजून! (तुलनेचा गट नव्हता, हेही सांगायला हवं.)

आमच्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. मानेतल्या आणि महाधमनीतल्या सेन्सरना दाब वाढलेला कळला, की मेंदू हृदयाला ब्रेक लावतो. लूपला लॅग असल्याने तो साधारण १० सेकंदांच्या लयीत हेलकावतो. मिनिटाला ६ श्वास घेतले की दोन्ही लयी जुळतात आणि ब्रेक जास्त चांगला लागतो. आणि शिबिरात काय करवून घेतात? धपाधप कपालभाती! दाब आटोक्यात नसेल तर ती करू नये, हे जुने योगशिक्षकसुद्धा सांगतात.

खरी गंमत मोजणीत आहे. एक्सप्रेसवेच्या ट्रॅफिकमधून, वर चहा ढोसून आलेल्या माणसाचं शनिवारी बीपी घ्यायचं आणि रविवारी शवासनातून उठल्याउठल्या दुसरं. फरक दिसणारच! ऑफिसात असं बेंचमार्क कोणी दाखवलं तर आम्ही त्याला हाकलून देऊ. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घेतलेली सरासरी दाखवा, मग बोलू.

घाट चढायला कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात. म्हणून पुढचं इंजिन कोणी काढून ठेवत नाही. रोजच्या संथ श्वासाने पाऱ्याचे काही मिलिमीटर मिळतील. ज्याचा दाब सीमेवर आहे त्याला ते पुरतीलही, काकांना पुरले नाहीत.

असो. शिबिरवाल्यांनी फॉर्मवर एकच ओळ छापावी: गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. फी तेवढीच ठेवा, हरकत नाही.