कोयत्यामागे राहिलेली मुले

दसरा उलटला की केज तालुक्यातील वाड्यावस्त्यांतून टोळ्या निघू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि मुक्काम कोल्हापूर, सांगली, नाही तर थेट कर्नाटकात. परत यायचे ते पाडव्याच्या आगेमागे. शाळेचे वर्ष मात्र जून ते एप्रिल. म्हणजे मधले पाच-सहा महिने मुलाने एक तर वर्ग सोडायचा, नाही तर आई.

युसूफ वडगावच्या माझ्या दवाखान्यात दिवाळीनंतर आजीचे बोट धरून अशी मुले येतात. तक्रार बहुधा एकच, पोट दुखते. दुखते ते बेंबीभोवती, तेही सकाळी शाळेच्या वेळी. कुणी अंथरूण ओले करू लागलेले असते. तपासणीत काही सापडत नाही. गुरुजी म्हणतात बहाणा, आजी म्हणते दृष्ट. वाचकहो, मुलाला दुखते हे खरेच असते, पण त्याचे मूळ आईच्या आठवणीत असते. अशा मुलाला मारू नये आणि त्याच्यासाठी इंजेक्शनही मागू नये. (सुई टोचल्याशिवाय आमच्याकडे डॉक्टरचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही, हा वेगळा विषय.) मात्र दुखण्याने झोपमोड होत असेल, वजन घटत असेल, ताप किंवा वारंवार उलट्या असतील तर त्वरित दाखवावे.

तरीही माझ्या मते शाळकरी मूल गावातच राहावे. फडावर नेलेल्या मुलाचा शाळेतला दुपारचा आहार बुडतो, आठवड्याची लोहाची गोळी बुडते आणि १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी ते उसात असते. हंगामी वसतिगृहांची योजना याचसाठी आहे. पण टोळी गेल्यावर महिन्याने वसतिगृह उघडले तर उपयोग काय? तोवर मूल गाडीत बसून गेलेले असते. शाळा व्यवस्थापन समितीने दसऱ्याआधीच यादी करून पंचायत समितीकडे द्यावी. आणि गुरुजींनी आठवड्यातून दोनदा आपल्या मोबाईलवरून आईशी बोलणे करून दिले, तर ते माझ्या औषधापेक्षा लवकर लागू पडेल.

ज्यांना मुले न्यावीच लागतात त्यांनी लसीकरणाचे कार्ड व शाळेचे शिक्षण हमी पत्र सोबत ठेवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, दाखला आला नाही म्हणून कारखान्याजवळच्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. पाचव्या वर्षीचा बूस्टर राहिला असल्यास तो तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळतो.