बिनशिशाचा नळ आणि प्लंबरची तक्रार

आमच्या वन्सं न्यू जर्सीला राहतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला तो चक्क नळावरून. स्वयंपाकघरातला नळ बसवून तीन वर्षंही झाली नव्हती, तर चावी घट्ट बंद केली तरी थेंब थेंब सुरूच. प्लंबर आला, नळ उघडून पाहिला आणि म्हणाला म्हणे, की सरकारनं शिसं काढायला लावलं तेव्हापासून नळात काही दमच राहिला नाही. त्यानं जे पैसे सांगितले ते ऐकून वन्सं म्हणाल्या, "अगं, एवढ्यात तुझ्या अख्ख्या घराचं नळकाम होईल!" पैशांचं सोडा, पण ते शिसं माझ्या डोक्यातून जाईना. नळात शिसं कशाला?

तर मैत्रिणींनो, नळ असतो पितळेचा, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण कारखानदार त्यात थोडं शिसंही मुद्दाम घालतात. शिशामुळे पितळ लेथवर लोण्यासारखं कातलं जातं, हत्यार लवकर बोथट होत नाही, आणि ओतकामात राहिलेली बारीक छिद्रं बुजतात. हे शिसं पितळेत बारीक कणांच्या रूपानं बसलेलं असतं. रात्रभर पाणी नळात उभं राहिलं, की त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक-चिंचेचं काही ठेवू नये, हे आपल्या आज्या सांगत. धातू अन्नात उतरतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शिसं पोटात गेलं की सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांचं. त्यांच्या मेंदूची वाढ, शिकण्याची ताकद यांवर परिणाम होतो. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेलाही सापडलेली नाही.

अमेरिकेत १९८६ साली पिण्याच्या पाण्याच्या नळ-पाइपांसाठी 'बिनशिशाचे' हा शब्द कायद्यात आला. पण गंमत बघा, नळाच्या पितळेत आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलं तरी तो बिनशिशाचाच म्हणायचा! आपल्याकडच्या 'शुद्ध' तुपाच्या डब्यांची आठवण व्हावी अशी ही व्याख्या. पुढे कॅलिफोर्निया राज्यानं ती आवळली, तो नियम जानेवारी २०१० पासून लागू झाला. मग राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जानेवारी २०११ मध्ये देशभरासाठी कायदा केला आणि ४ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. आता पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी पाव टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालत नाही. न्हाणीचा शॉवर, संडासची टाकी यांना मात्र सूट, कारण ते पाणी कुणी पीत नाही.

आणि इथूनच तिकडच्या प्लंबर मंडळींची कुरकुर सुरू झाली. ती ऐकण्यासारखी आहे, कारण नळ रोज उघडून पाहणारा माणूस तोच. पहिली तक्रार डाख देण्याची. शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन घातलेलं नवं पितळ जुन्या हातानं तापवलं तर सांधा नीट धरत नाही. जास्त वेळ, जपून आच द्यावी लागते. दुसरी तक्रार, जुन्या सवयीनं पान्हा जोरात आवळला की भाग तडकतो. या दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. शिसं मऊ, त्यामुळे जुनं पितळ कारागिराच्या चुका पोटात घालायचं. नवं तितकं सोशिक नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि वन्संच्या प्लंबरची तीच: नळ हलके झाले, आतून प्लॅस्टिकचे झाले, लवकर गळतात. इथे मात्र मला त्याचं म्हणणं निम्मंच पटतं. आतून प्लॅस्टिकची नळी टाकणं ही कंपन्यांनी काढलेली एक पळवाट खरी. पाणी धातूला लागलंच नाही तर शिशाचा प्रश्नच मिटला. पण नळ गळतो तो वायसर झिजल्यामुळे किंवा आतलं कार्ट्रिज खराब झाल्यामुळे. क्षाराचं पाणी असेल तर आणखी लवकर. त्याचा शिशाशी काय संबंध? आणि शॉवरच्या नळाला हा नियम लागूच नाही. तोही हलका निघून गळत असेल, तर बोट कायद्याकडे दाखवायचं की स्वस्तात माल काढून नवा म्हणून विकणाऱ्याकडे? एकाच कंपनीचा नळ मोठ्या दुकानात वेगळा आणि प्लंबरच्या नेहमीच्या दुकानात वेगळा, असं तर हे प्लंबर लोक स्वतःच सांगतात.

प्लंबरला गळणारा थेंब दिसतो. शिसं त्याला दिसत नाही, चव लागत नाही, वासही येत नाही. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावाचं तेच झालं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी गावाचं पाणी नदीवरून घेतलं आणि पाइप झिजू नयेत म्हणून घालायचं औषध त्यात घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरत राहिलं. आया गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत जात होत्या आणि अधिकारी पाणी ठीक आहे सांगत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडेच पुढे ठेवले, तेव्हा कुठे हालचाल झाली. फुकट वाटलेले फिल्टर जुन्या नळांना बसेनात, म्हणून जानेवारी २०१६ मध्ये सुमारे तीनशे प्लंबर एका शनिवारी फ्लिंटमध्ये गोळा झाले आणि घरोघर फुकट नळ आणि फिल्टर बसवून गेले. कुरकुर करणारी जमात हीच, हे विसरून चालणार नाही.

आता आपलं काय? २०१६ साली घरच्या रंगातल्या शिशावर आपल्याकडे मर्यादा आली. २०२१ साली पीव्हीसी पाइपांतलं शिसं काढण्याचे नियम केंद्र सरकारनं केले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर शिसं नको, हेही आपलं मानक सांगतं. पण नळ ज्या सळईतून कातले जातात त्या पितळेत दोन-तीन टक्के शिसं असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. जलजीवनमुळे २०१९ पासून गावोगाव घरात नळ आले, हंडे उतरले, त्याचा आनंदच आहे. पण आपण तपासतो ते विहिरीचं नाहीतर टाकीचं पाणी. तोटीतून पेल्यात पडलेलं सकाळचं पहिलं पाणी कोण तपासतं?

आमच्याकडे येणारा प्लंबर पोरगेलाच आहे, मला काकू म्हणतो. त्याला विचारलं, तर त्यानं पिशवीतला नळ काढून माझ्या हातावर ठेवला. "वजन बघा काकू, भरीव पितळ आहे. हलका नळ मी लावतच नाही." नळ छानच होता. पण शिसं वजनावरून थोडंच कळतं? दुकानदाराला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, असं कुणी आजवर विचारलंच नाही. म्हटलं, आता मी विचारतेय ना! तुम्हीही विचारा. दहा जणी विचारतील तेव्हा तो कंपनीच्या माणसाला विचारेल.

तोवर घरात करण्यासारखं थोडं आहे. रात्रभर बंद असलेल्या नळाचं पहिलं तांब्या-दोन तांबे पाणी पिण्याला, चहाला घेऊ नये. गरम पाण्याच्या नळाचं तर कधीच नाही, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. बाळाच्या दुधाची पावडर कालवताना हे विशेष लक्षात ठेवा. तोटीच्या टोकाला जाळी असेल तर ती अधूनमधून काढून धुवावी, तिथे कण साठतात.

पाणी दोन दिवसांआड येतं तिथे ते गटारात सोडा असं मी सांगणार नाही. माझं पहिलं पाणी बादलीत जातं आणि त्यानं फरशी पुसली जाते. वन्संनी नवा नळ घेतला, या वेळी खोक्यावरचा बिनशिशाचा छाप आणि कार्ट्रिजची हमी दोन्ही वाचून. प्लंबर मात्र तोच आला होता, आणि बसवताना कुरकुरतच होता म्हणे.